मदत यंत्राच्या आयुष्याएवढी हवी

कारखान्यातला रिअॅक्टर, सेंट्रिफ्यूज, बॉयलर नीट राखला तर पंचवीस-तीस वर्षं सहज काढतो. तो चालवणारा संगणक दहा-पंधरा वर्षं तग धरतो. आणि त्या संगणकासोबत आलेली मदत, म्हणजे पडद्यावर उघडणारी माहितीपुस्तिका, ती त्याच्याही आधी निकामी होते. तारापूर एमआयडीसीत देखभालीचं काम केलेल्या माणसाला हे उलटं गणित नवं नाही. वाणगावहून, डहाणूहून, पालघरहून रोज बोईसरला उतरणारे इन्स्ट्रुमेंट आणि इलेक्ट्रिकलचे कितीतरी लोक याच कात्रीत काम करतात. यंत्र धडधाकट, संगणक थकलेला आणि पुस्तिका केव्हाच गेलेली. हे असंच चालायचं, असं म्हणून आपण ते सोडून देतो. मला ते मान्य नाही. माहितीपुस्तिका हा यंत्राचाच एक भाग आहे. मोटर किंवा गिअरबॉक्स यांच्याइतकाच तो पैसे मोजून घेतलेला भाग आहे, आणि यंत्र चालतं आहे तोवर तोही चालता राहिला पाहिजे.

नेमकं काय होतं ते आधी जवळून पाहू. रात्रपाळीत बॅच अडते. पॅनेलच्या पडद्यावर अलार्म येतो, नुसता एक क्रमांक आणि त्यापुढे तीन-चार इंग्रजी शब्द. ऑपरेटर मेंटेनन्सवाल्याला उठवतो. तो येऊन एफ-वन दाबतो, कारण सॉफ्टवेअर विकताना कंपनीच्या माणसाने हेच सांगितलेलं असतं, ‘सगळं आत आहे, फक्त एफ-वन दाबा.’ सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकातलं, मूळचा संगणक केव्हाच बंद पडलेला, त्याच्या जागी विंडोज 10 वाला बसवून सॉफ्टवेअर कसंबसं चालतं केलेलं. पडद्यावर चौकट उघडते आणि सांगते की ही मदत जुन्या पद्धतीत बनवलेली असून विंडोजच्या या आवृत्तीत ती दाखवण्याची सोय नाही. फाइल तिथेच डिस्कवर आहे, तिच्यात अलार्मचा अर्थही आहे. उघडणारं कुणी उरलेलं नाही.

ही काही अपवादात्मक गोष्ट नव्हे, तिला रीतसर इतिहास आहे. 1990 मध्ये विंडोज 3.0 सोबत एचएलपी पद्धतीच्या मदत-फाइल आल्या आणि पुढची काही वर्षं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरने आपली पुस्तिका त्याच साच्यात ओतली. 2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टातून ती वाचणारी सोय काढून टाकली गेली. वेगळी उतरवून घेता येत असे, पण 2015 च्या विंडोज 10 साठी तेही बंद झालं. मधल्या काळात, 1997 पासून, सीएचएम नावाची दुसरी पद्धत आली होती. तिच्यातून घातक प्रोग्राम शिरू शकतात हे लक्षात आल्यावर 2005 मध्ये त्यावर बंधनं आली. तेव्हापासून नेटवर्कवर ठेवलेली अशी फाइल उघडली की डावीकडे प्रकरणांची यादी दिसते आणि उजवीकडे, जिथे मजकूर यायचा, तिथे पान उघडता आलं नाही अशी सूचना येते. उपाय साधा आहे. फाइल आपल्या संगणकावर उतरवायची, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करायची. पण हा उपाय त्या फाइलमध्ये लिहिलेला नाही, कारण फाइल लिहिली तेव्हा ही अडचणच नव्हती. ज्याला हे ठाऊक नाही तो फाइल खराब झाली असं समजून तिचा नाद सोडतो. अशा सोडून दिलेल्या फाइल मी कित्येक पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच अगदी ठणठणीत होत्या.

यात कुणा एकाला दोषी धरता येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. सुरक्षेसाठी घातलेलं बंधन योग्यच होतं. जुनी पद्धत सोडून नवी आणणं हेही विंडोज बनवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने रास्त. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आपल्या काळातली सर्वांत सोयीची पद्धत निवडली, त्याचंही चुकलं नाही. प्रत्येकाचा निर्णय आपल्या जागी बरोबर आणि सगळ्यांचा मिळून परिणाम असा, की तारापूरच्या एखाद्या शेडमध्ये पहाटे माणूस हात बांधून उभा आहे. सगळे निर्णय एकत्र आल्यावर काय होईल याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नव्हती. ती टाकायला हवी होती.

एचएलपी आणि सीएचएम यांच्यानंतरची तिसरी पायरी आजची. आता मदत डिस्कवर नसतेच. ‘हेल्प’वर टिचकी मारली की ब्राउझर उघडतो आणि कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता शोधू लागतो. घरच्या संगणकावर हे ठीक आहे. पण कारखान्यातला नियंत्रणाचा संगणक इंटरनेटला जोडायचा नाही, हा तर सुरक्षेचा पहिला धडा. 2010 मध्ये स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम उघडकीस आला तेव्हा अख्ख्या जगाला कळलं की यंत्रं चालवणाऱ्या पीएलसीच्या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमधून शिरून यंत्रं बिघडवता येतात. 2019 मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका संगणकात घातक प्रोग्राम सापडला. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने ते मान्य केलं आणि केंद्राचं नियंत्रण वेगळ्या, बाहेर न जोडलेल्या व्यवस्थेवर असल्याने त्याला धक्का लागला नाही, असं स्पष्ट केलं. तारापूरचं अणुवीज केंद्र आमच्यापासून काही किलोमीटरवर आहे. हे वेगळेपण आम्हाला किती महत्त्वाचं वाटतं ते सांगायला नको. म्हणजे सुरक्षेचा नियम म्हणतो, हा संगणक बाहेर जोडू नका. आणि पुस्तिका म्हणते, मला वाचायचं तर बाहेर जोडा. दोन्ही एकाच वेळी पाळणं शक्य नाही. जो विक्रेता नियंत्रणाची यंत्रणा विकतो आणि तिची मदत फक्त इंटरनेटवर ठेवतो, तो आपल्याच गिऱ्हाइकाला सुरक्षेचा नियम मोडायला लावतो. याला सोय म्हणता येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, जुन्या कागदी मॅन्युअलांची तुम्हाला आठवण येते आहे, एवढंच. तसं नाही. कागदी मॅन्युअलला वाळवी लागते, पावसाळ्यात पानं चिकटतात, हवं ते पान नेमकं कुणीतरी फाडून नेलेलं असतं. पडद्यावरच्या मदतीत एक शब्द टाकून क्षणात शोधता येतं, ही मोठीच गोष्ट आहे आणि ती सुरुवातीला फार चांगल्या रीतीने केली गेली होती. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती काढली ती नोव्हेंबर 1971 मध्ये. पुढे तीच पुस्तिका यंत्रावरच, ‘मॅन’ ही आज्ञा देऊन वाचता येऊ लागली. तिच्यातल्या पानांची ठेवण ठरलेली असे. आज्ञेचं नाव, ती कशी द्यायची, ती काय करते, तिच्याशी संबंधित फाइल कोणत्या, आणि शेवटाकडे एक भाग ‘बग्स’ या नावाचा. या आज्ञेत काय दोष राहिले आहेत हे ती बनवणाऱ्यानेच तिथे लिहून ठेवलेलं. पन्नासहून अधिक वर्षांनी आजही लिनक्सच्या संगणकावर ‘मॅन’ म्हटलं की त्याच घडणीची पानं उघडतात, तीही इंटरनेटशिवाय. साधा मजकूर असल्यामुळे ती वाचायला खास कुणाची परवानगी वा प्रोग्राम लागत नाही. म्हणजे पडद्यावरची मदत टिकू शकते. ती टिकवायची असं कुणीतरी ठरवावं लागतं, एवढंच.

त्या ‘बग्स’च्या भागापाशी मी जरा थांबतो, कारण नंतरच्या मदतीतून सर्वांत आधी गळालं ते हेच. विकाऊ सॉफ्टवेअरच्या मदतीत दोष लिहीत नाहीत. तिथे ‘फाइल’च्या खाली ‘सेव्ह’ आहे आणि ‘सेव्ह’ केल्यावर फाइल सेव्ह होते, असं लिहिलेलं असतं. जे पडद्यावर दिसतंच आहे ते पुन्हा सांगितलेलं. सेव्ह झाली नाही तर काय, डिस्क भरली तर काय, दुसऱ्या संगणकाने तीच फाइल उघडून ठेवली असेल तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. देखभालीच्या माणसाला सगळं सुरळीत असताना पुस्तिका लागत नाही. तो तिच्याकडे येतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, आणि पुस्तिका बिघाडाबद्दल गप्प. अलार्म क्रमांकासमोर ‘सर्व्हिस इंजिनिअरशी संपर्क साधा’ एवढं एकच वाक्य असलेली पानंच्या पानं पाहिली, की संताप येतो. त्या क्रमांकाचा अर्थ कुणालातरी ठाऊक आहे. तो लिहून दिला असता तर व्हिजिटचे पैसे बुडाले असते.

मालकी बदलण्याचा प्रश्न याहून अवघड. रेल्वेचं उदाहरण घेऊ. भारतीय रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण 1980 च्या दशकात उभं राहिलं आणि ते दीर्घकाळ चाललं व्हीएमएस या कार्यप्रणालीवर, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या यंत्रांवर. या कंपनीची पुस्तकं जगात नावाजलेली होती. बाइंडरांनी अख्खी भिंत भरायची. जगभरचे लोक तिला आधी नारिंगी भिंत आणि पुढची आवृत्ती आल्यावर करडी भिंत म्हणत. टर्मिनलवर ‘हेल्प’ टाइप केलं की यंत्र विषय विचारायचं, मग उपविषय, आणि एकेक पायरी उतरत माणूस नेमक्या ओळीपर्यंत पोचायचा. 1998 मध्ये ही कंपनी कॉम्पॅकने घेतली. 2002 मध्ये कॉम्पॅक एचपीत विलीन झाली. 2014 पासून व्हीएमएसचा पुढचा विकास व्हीएमएस सॉफ्टवेअर नावाच्या वेगळ्याच कंपनीकडे गेला, आणि 2015 मध्ये एचपी स्वतः दुभंगली. अशा प्रत्येक हस्तांतरात पुस्तिकांचे पत्ते बदलतात, जुने दुवे तुटतात, आणि नव्या मालकाला ज्या उत्पादनातून पैसा येत नाही त्याची पानं आधी जातात. भिंतीवरचे बाइंडर मात्र मालक बदलला म्हणून भिंतीवरून उतरत नाहीत. ज्या कार्यालयांनी ते जपले त्यांच्याकडे ते आहेत. ज्यांनी सीडी आली म्हणून बाइंडर भंगारात घातले, आणि संकेतस्थळ आलं म्हणून सीडी टाकल्या, त्यांच्याकडे आज दोन्ही नाही.

हे मोठ्या यंत्रणांपुरतं आहे असं समजू नये. वाणगाव-चिंचणीच्या पट्ट्यात दागिन्यांच्या डाय बनवण्याचा धंदा आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची, त्या डायवर सोन्या-चांदीचा किंवा पितळेचा पत्रा दाबून दागिना उठवायचा. कित्येक घरांची गुजराण या हातावर झाली. आता या कामात संगणकावर नक्षी काढून सीएनसी यंत्राने कोरण्याची पद्धत शिरली आहे. अशा उठावाच्या नक्षीकामासाठी जगभर वापरलं गेलेलं एक सॉफ्टवेअर म्हणजे आर्टकॅम. ते बनवणारी डेलकॅम ही ब्रिटिश कंपनी 2014 मध्ये ऑटोडेस्कने घेतली आणि 2018 च्या जुलैमध्ये ऑटोडेस्कने आर्टकॅमची विक्री बंद केली. पुढे त्याचा वारसा कार्व्हेको या नावाने दुसऱ्यांनी चालवला, हे त्यातल्या त्यात बरं झालं. पण ज्या छोट्या कारागिराने कर्ज काढून यंत्र आणि सॉफ्टवेअर उभं केलं, त्याच्या बाजूने विचार करा. त्याचं यंत्र कालही कोरत होतं, आजही कोरतं. नक्षी तीच, पोलाद तेच. बदललं एवढंच, की टूलपाथमध्ये अडचण आली तर कुणाला विचारायचं ते दार बंद झालं. हाताने कोरणाऱ्या त्याच्या बापाला छिन्नीची कंपनी बंद पडल्याने कधी अडायला झालं नव्हतं. नवं तंत्र घेताना आपण हा फरक किमतीत धरत नाही. तो धरला पाहिजे.

अणुवीज केंद्राचा उल्लेख वर आला, त्याबद्दल आणखी थोडं. तारापूरची पहिली दोन युनिटं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली आणि 1969 मध्ये ती व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. देशातली ही पहिली अणुवीज. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. इंधनाचा पुरवठा आधी लटकला आणि मग थांबला, सुटे भाग मिळणं मुश्कील झालं. सुरुवातीला प्रत्येकी 210 मेगावॉटची असलेली युनिटं पुढे 160 मेगावॉटवर आणावी लागली, तरी ती आपल्या लोकांनी दशकानुदशकं चालवली. 2005 आणि 2006 मध्ये शेजारीच 540 मेगावॉटची दोन स्वदेशी युनिटंही उभी राहिली. या सगळ्याचा माझ्या विषयाशी संबंध असा, की पुरवठादार एका दिवसात परका होऊ शकतो, आणि कारण तांत्रिकच असेल असं नाही. ते राजकीय असू शकतं, व्यापारी असू शकतं, कंपनीच्या दिवाळखोरीचं असू शकतं. त्या दिवशी तुमच्या आवारात, तुमच्या कपाटात जे ज्ञान आहे तेवढंच तुमचं. आज एखाद्या कारखान्याची सगळी मदत परदेशातल्या सर्व्हरवर, लॉगिनच्या मागे, वार्षिक कराराच्या अटीवर ठेवलेली असते. 1974 सारखा प्रसंग त्या कारखान्यावर आला, तर त्याच्याकडे नकाशासुद्धा उरणार नाही.

आणि पुस्तिका वाईट असण्याची किंमत किती असू शकते हेही अणुऊर्जेच्याच इतिहासात नोंदलेलं आहे. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंडला अपघात झाला. उघडा राहिलेला एक व्हॉल्व्ह बंद आहे असं समजून चालकांनी पुढचे निर्णय घेतले, कारण पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. शंभराहून अधिक अलार्म एकदम वाजत होते, आणि घटना छापणारा संगणकाचा प्रिंटर प्रत्यक्ष घटनांच्या तासाहून अधिक मागे पडला होता. चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने चालकांच्या प्रशिक्षणाइतकंच लिखित कार्यपद्धतींनाही दोषी धरलं. त्या गोंधळात टाकणाऱ्या होत्या, असा निष्कर्ष काढला. दीड वर्ष आधी, सप्टेंबर 1977 मध्ये, डेव्हिस-बेसी या केंद्रात जवळजवळ असाच प्रसंग येऊन गेला होता. त्यातून कळलेलं शहाणपण इतर केंद्रांतल्या चालकांच्या हाती असलेल्या कागदांत वेळेत उतरलं नाही. ज्ञान होतं. जिथे लागणार होतं तिथे लिहिलेलं नव्हतं.

आता लोक म्हणतात, पुस्तिका कशाला, सगळं यूट्यूबवर आहे, नाहीतर एआयला विचारा. मीही शोधतो तिथे, आणि पुष्कळदा सापडतं. पण जुन्या यंत्रणेच्या बाबतीत या उत्तरातली मेख आवृत्तीत असते. व्हिडिओ करणारा नव्या आवृत्तीवर करतो, कारण बघणारे नव्या आवृत्तीचे जास्त. तुमच्याकडे 3.2 आहे, तो 7 दाखवतो आहे. मेनू तसाच दिसतो, पण ज्या पॅरामीटरची किंमत पूर्वी मिलिसेकंदात भरायची ती आता सेकंदात भरतात, हे तो सांगत नाही, कारण पूर्वीचं त्याला माहीतच नाही. एआय तर दोन्ही आवृत्त्यांचं मिसळून एकच उत्तर देतं, तेही ठाम सुरात. मूळ पुस्तिका हाताशी असेल तर या सगळ्याचा उपयोग होतो, ताडून पाहता येतं. ती नसेल तर खरं-खोटं ठरवायला साधनच नाही, आणि रासायनिक कारखान्यात तापमानाच्या सेटिंगवर असा प्रयोग करणं परवडत नाही.

मूळ पुस्तिकांचं जतन जगात जे काही झालं आहे ते बहुतेक हौशी लोकांनी केलं. अल कॉसो यांनी उभारलेल्या बिटसेव्हर्समध्ये जुन्या संगणकांची हजारो मॅन्युअल स्कॅन करून ठेवली आहेत. 2015 मध्ये अमेरिकेत मेरिलँडमधलं मॅन्युअल विकणारं एक दुकान बंद होत असताना जेसन स्कॉट यांनी स्वयंसेवक गोळा करून तिथली हजारो पुस्तकं कचऱ्यात जाण्यापासून वाचवली. ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या इंटरनेट आर्काइव्हमुळे कित्येक मेलेली संकेतस्थळं अजून वाचता येतात. या लोकांचे उपकार मानावेत तेवढे थोडे आहेत. पण ऑक्टोबर 2024 मध्ये सायबर हल्ल्यानंतर इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद होतं, आणि तेव्हा दिसलं की जगाची स्मरणशक्ती एकाच ठिकाणी ठेवणं किती जोखमीचं आहे. दुसऱ्याच्या चांगुलपणावर कारखाना चालत नाही.

आपल्याकडे हे जतन वेगळ्या रूपात झालं आहे आणि त्याची कुणी नोंद घेत नाही. जुन्या मेंटेनन्सवाल्यांच्या वह्या. एका वरिष्ठ सहकाऱ्याची अशी वही मी पाहिली आहे. काळा रेक्झिनचा पुठ्ठा, तेलाचे डाग, तारखा, आणि अलार्मचा क्रमांक लिहून त्यापुढे मराठीत मजकूर. ‘सेन्सर बदलू नये. आधी पश्चिमेकडचा जंक्शन बॉक्स उघडून पाणी पुसावे. पावसाळ्यात हमखास.’ कंपनीच्या पुस्तिकेत त्याच क्रमांकासमोर ‘सेन्सर बदला’ असं होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याने बोईसरचा जुलै पाहिला नव्हता. या माणसाने पाहिला होता. असे लोक निवृत्त होतात, वही घरी जाते, मग रद्दीत. त्यांच्या जागी आलेला आयटीआयचा मुलगा, बहुधा डहाणू-तलासरी भागातल्या पाड्यावरून आलेला, हुशार, कामाला वाघ; पण चार ओळींचं इंग्रजी वाक्य वाचताना तो थबकतो, आणि त्याच्या भाषेतलं एकमेव पान वहीबरोबर गेलेलं असतं. या वह्या कंपनीने विकत घ्याव्यात इतक्या मोलाच्या आहेत. निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळ देतात, तेव्हा वहीची प्रत मागून घ्यावी, त्याबद्दल रीतसर मानधन द्यावं आणि तिच्यातल्या नोंदी पुस्तिकेच्या त्या-त्या पानाला जोडाव्यात.

मराठीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. युनिकोड रुळण्याआधी आपण सगळं मराठी आयएसएम, श्री-लिपी, आकृती अशा निरनिराळ्या सॉफ्टवेअरांत टाइप केलं. प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. 1991 चं इस्की हे भारतीय मानक होतं, तरी फॉन्ट आपापल्या पद्धतीने चालत. त्या काळातली फाइल आज उघडली आणि तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. कुठल्या चिन्हामागे कोणतं अक्षर, हा तक्ता हाती असला तर सगळं परत मिळतं. तो तक्ता बहुधा सॉफ्टवेअरच्याच मदतीत असे, आणि सॉफ्टवेअर डोंगलशिवाय उघडत नसे. ग्रामपंचायतींचे ठराव, छापखान्यांतली पुस्तकं, शाळांचे अहवाल असे किती ठिकाणी अडकून पडले आहेत. एका पानाच्या तक्त्यासाठी.

तेव्हा करायचं काय? कायद्याचा आधार थोडाबहुत तयार होतो आहे. युरोपीय संघात मार्च 2021 पासून धुलाई यंत्रं, फ्रिज यांच्या उत्पादकांनी सुटे भाग सात ते दहा वर्षं देणं आणि व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना दुरुस्तीची माहिती देणं बंधनकारक झालं. फ्रान्सने त्याच वर्षी वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण द्यायला सुरुवात केली आणि त्यात माहिती-कागदपत्रं मिळतात की नाही याला वेगळे गुण ठेवले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस एक पोर्टल सुरू केलं. पण तिथे भर आहे तो शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर. कारखान्यातली नियंत्रण यंत्रणा, डायवाल्याचं सीएनसी यंत्र, छापखान्याचं जुनं सॉफ्टवेअर यांचा त्यात समावेश व्हायला हवा. लहान उद्योजक फ्रिजच्या गिऱ्हाइकाहून अधिक अडलेला असतो. त्याची रोजी त्या यंत्रावर आहे. आणखी एक. 1954 च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर ठरावीक ग्रंथालयांत जमा करावी लागते. देशात विकल्या जाणाऱ्या औद्योगिक यंत्रणांच्या माहितीपुस्तिकांसाठी तसाच संग्रह का नसावा? उत्पादन बाजारात असताना तो बंद ठेवा, विक्री किंवा सेवा थांबली की खुला करा. कंपनीचं त्यात काहीही जात नाही, कारण तिने तो धंदा तेव्हा सोडलेलाच असतो.

कायदा होईल तेव्हा होईल. परचेस ऑर्डर मात्र आपल्या हातात आहे. तीत एक कलम घालायला कुणाची परवानगी लागत नाही: संपूर्ण पुस्तिका, सर्व अलार्मच्या अर्थासह, पीडीएफमध्ये आणि एक प्रत कागदावर, प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख, ज्ञात दोषांची यादी वेगळी, आणि आपल्या लोकांसाठी तिचं मराठी वा हिंदी भाषांतर करून वापरण्याची लेखी मुभा. बिलातली शेवटची रक्कम आपण यंत्र चालू करून दाखवेपर्यंत रोखून धरतोच. पुस्तिकेचीही तशीच चाचणी घ्यावी. ती साध्या, वेगळ्या संगणकावर, नेटची वायर काढून उघडायची, विक्रेत्याच्या माणसासमोर पाच अलार्म मुद्दाम आणायचे आणि पाळीतल्या फिटरला फक्त पुस्तिका देऊन ते सोडवायला सांगायचं. त्याला जमलं तर पैसे सोडायचे. आणि त्या कागदावर सही परचेसवाल्या साहेबांची नको, त्या फिटरची हवी.